साक्ष कधी घेतली, ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मावशी ५२ वर्षांची, स्तनाचा कर्करोग. डॉक्टरांनी आधी केमो आणि मग ऑपरेशन असं ठरवलं होतं. केमोचे सगळे डोस झाले, गाठ आता हाताला लागत नाही. मधल्या काळात शेजारणीच्या आग्रहाने ती मैदानावरच्या एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होतात असं सांगणाऱ्या ख्रिस्ती सभेला, गेली. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून ‘प्रभूने तुला बरं केलं’ म्हणून सांगितलं आणि तिने तिथेच माइकवर बरी झाल्याची साक्ष दिली. आता ती म्हणते, बरीच झाले तर कापायचं कशाला? भाच्याला दोन गोष्टी हव्या आहेत. हे ढोंग आहे हे मावशीला कसं पटवायचं, आणि ढोंग असेल तर अशा सभांच्या व्हिडिओत साक्ष देणारी शेकडो माणसं खोटं का बोलतील?

मी कर्करोगाचा डॉक्टर. २६ वर्षं वसईपासून पालघरपर्यंतचे पेशंट बघतोय. आणि मी वसईचाच, बाप्तिस्मा झालेला, रविवारी मिस्सा सहसा न चुकवणारा. तेव्हा पुढचं सगळं घरातल्या माणसाचं बोलणं समजा.

आधी मावशीच्या गाठीचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. गाठ गेली ती केमोने गेली. केमो आधी देतात तो त्यासाठीच. दोन-तीन डोसांनंतर गाठ मऊ पडते, लहान होते, आणि काही प्रकारच्या कर्करोगांत शेवटी बोटाला लागतच नाही. हे इतकं नेहमीचं आहे की उपचार सुरू करताना गाठीत तांदळाच्या दाण्याहून लहान अशी धातूची क्लिप ठेवतात. पुढे गाठच दिसली नाही तर सर्जनने कापायचं कुठे, म्हणून ती खूण. मावशीची फाइल उघडून बघा, बहुधा क्लिप टाकल्याची नोंद सापडेल. म्हणजे गाठ ‘अदृश्य’ होईल अशी तयारी डॉक्टरांनी पहिल्या महिन्यातच केली होती. चमत्काराची आगाऊ पावती फाइलमध्ये पडून आहे म्हणा ना.

पण बोटाला न लागणं आणि रोग नसणं यांत फार अंतर असतं. गाठीच्या जागी काही पेशी उरल्यात की नाही, हे बाहेरून हात लावून, सोनोग्राफी करून, कधी कधी एमआरआय करूनही खात्रीने सांगता येत नाही. तो भाग काढून पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की कळतं. म्हणून गाठ पूर्ण विरघळलेली वाटली तरी ऑपरेशन करतात. पुढे कोणतं औषध द्यायचं, हेही त्याच रिपोर्टवर ठरतं.

आणखी एक बारीक गोष्ट. केमोच्या दिवशी आणि पुढे दोन-तीन दिवस उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्या दिवसांत पेशंटला बळ आल्यासारखं वाटतं, भूक लागते, झोप लागत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी हवा गेल्यासारखं होतं. सभा नेमकी कोणत्या दिवशी होती आणि डोस कोणत्या दिवशी होता, हे कॅलेंडरवर ताडून बघा. माझ्या एका पेशंटबाईने ‘प्रार्थना सुरू झाली आणि अंगात वीज खेळली’ असं सांगितलं होतं, तेव्हा मी तारखा काढल्या. आदल्याच दिवशी तिने डोस घेतला होता. वीज खरीच होती. फक्त ती गोळीतून आली होती.

आता खोटं बोलण्याचं. माझं मत विचाराल तर स्टेजवर येणारी बहुतेक माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना त्या क्षणी जे वाटतं ते ती सांगतात. मावशीही खोटं बोलली नाही. घोळ आहे तो साक्ष घेण्याच्या वेळेत. प्रार्थना संपून दहा मिनिटं झालेली नसतात, ढोलकी-कीबोर्ड चालू असतो, पाच हजार माणसं हालेलूया म्हणत असतात, आणि त्या क्षणी विचारलं जातं, ‘बहिणी, आता कसं वाटतंय?’ बायोप्सी कधीची, औषध कोणतं चालू आहे, शेवटचा स्कॅन कुठला, हे कुणी विचारत नाही. आणि सहा महिन्यांनी तिच्या घरी जाऊन कुणी बघत नाही. जी वर्षभरात गेली तिला पुढच्या वर्षीच्या सभेला माइक मिळत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे.

हे सहा महिन्यांनी जाऊन बघण्याचं काम अमेरिकेत एका सर्जनने केलं. सत्तरच्या दशकात तिथे कॅथरीन कुलमन या बाईंच्या चंगाई सभा प्रचंड गाजत होत्या. मिनेसोटातले विल्यम नोलन हे डॉक्टर तिथे स्वयंसेवक म्हणून गेले, ‘बरे झालो’ म्हणणाऱ्यांची नावं घेतली आणि नंतर २३ जणांचा पाठपुरावा केला. खरा शारीरिक आजार प्रार्थनेने बरा झाला असं एकही उदाहरण त्यांना मिळालं नाही. त्यातली एक बाई मला कायम आठवते. मणक्यात कर्करोग पसरलेला. कुलमनबाईंच्या सांगण्यावरून तिने पाठीचा पट्टा काढून फेकला आणि स्टेजवर धावून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी मणका खचला. चार महिन्यांनी ती गेली. कॅमेऱ्यात फक्त धावणं आहे.

माझ्या धंद्यात हे समजायला अवघड नाही. हाडात पसरलेल्या कर्करोगाचं दुखणं भीतीने वाढतं आणि उत्साहाने काही वेळ दबतं. मेंदू स्वतःच अफूसारखी रसायनं सोडतो, अॅड्रेनलिन चढतं, आणि ज्याला सकाळी उठून बसता येत नव्हतं तो दहा पावलं चालतो. लढाईत पायाला जखम झालेला सैनिक तसाच पळतो. वेदना थांबली म्हणजे हाड भरलं असं नव्हे. उलट वेदना ही त्या बाईच्या मणक्याची राखणदार होती. राखणदार झोपला आणि मणका गेला.

शुद्ध फसवणूक नसतेच असं मात्र मी म्हणत नाही. पीटर पोपॉफ हे अमेरिकेतले प्रवचनकार गर्दीतल्या अनोळखी माणसाला नावाने हाक मारायचे, त्याचा आजार सांगायचे, घराचा पत्ताही सांगायचे. लोक म्हणायचे, देव त्यांच्या कानात सांगतो. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी आणि त्यांच्या साथीदारांनी सभेत रेडिओ स्कॅनर नेला तेव्हा कळलं की कानात बोलते ती त्यांची बायको. लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या कार्डांवरून ती पडद्यामागून वाचत होती, ३९.१७ मेगाहर्ट्झवर. ती टेप राष्ट्रीय टीव्हीवर वाजली, पुढच्या वर्षी पोपॉफ यांनी दिवाळखोरी जाहीर केली. आणि काही वर्षांनी ते टीव्हीवर परत आले, चमत्काराच्या पाण्याच्या पुड्या घेऊन. या शेवटच्या वाक्याचं लोकांना आश्चर्य वाटतं, मला वाटत नाही.

पण पोपॉफसारखी माणसं दाखवून मावशीचं मन वळणार नाही. ती म्हणेल, आमचे पाळक तसे नाहीत. आणि ती बरोबरही असू शकेल. मी भेटलेले कितीतरी पाळक साधे, कर्जबाजारी, मनापासून विश्वास ठेवणारे होते. कानात यंत्र न घालताही स्टेजवर चमत्कार घडतात, आणि ते कसे घडतात हे माहीत असणं जास्त उपयोगाचं.

व्हीलचेअर घ्या. काठी टेकत, स्वतःच्या पायाने आलेल्या आजीबाईंना स्वयंसेवक प्रेमाने म्हणतात, ‘बसा ना, पुढे जागा आहे, आम्ही नेतो.’ खुर्ची सभेची. आजी पहिल्या रांगेत जातात. दोन तासांनी त्या खुर्चीतून उठतात आणि पाच हजार लोकांना दिसतं की पांगळी चालली. यात खोटं कोण बोललं? कदाचित कुणीच नाही.

आंधळ्यांचं तसंच. आपल्याकडे २०१७ पासून सरकारी व्याख्येत अंधत्व म्हणजे चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी. निरोगी माणसाला जे ६० मीटरवरून दिसतं ते या माणसाला तीन मीटरवरूनही धड दिसत नाही, असा याचा अर्थ. पण एक फुटावर धरलेली बोटं यातल्या बऱ्याच जणांना मोजता येतात. स्टेजवर चाचणी काय असते? ‘किती बोटं?’ एक फुटावरून. ऐकू न येणाऱ्यांपैकी काहींचा एक कान शाबूत असतो आणि पाठीमागून टाळी वाजवली की तो कान ऐकतो.

आखूड पाय लांब करण्याचा प्रयोग तर मी आमच्या शिकाऊ डॉक्टरांना ओपीडीत करून दाखवतो. बूट घातलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं, दोन्ही पाय समोर सरळ धरायचे, टाचा आपल्या तळहातावर. धरतानाच एका पायातला बूट टाचेपासून अर्धा इंच खाली ओढायचा. तो पाय लांब दिसतो, म्हणजे दुसरा आपोआप आखूड. सगळ्यांना सांगायचं, या आखूड पायाकडे बघा. डोळे मिटून, हळूहळू, तो ओढलेला बूट अंगठ्याने परत टाचेवर चढवायचा. दोन्ही तळवे एका रेषेत येतात. पहिल्यांदा केलं तेव्हा आमची नर्स, तीही ख्रिस्ती, ‘येशू’ म्हणून ओरडली होती. दुसऱ्यांदा मी तिला बूट कुठून धरलाय ते दाखवलं. ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

तुम्ही विचाराल, मग एकही खरं नाही? उपचाराशिवाय कर्करोग मागे हटल्याची उदाहरणं आहेत. १९६६ मध्ये दोन अमेरिकन सर्जननी साठ वर्षांच्या वैद्यकीय नोंदी चाळून १७६ विश्वासार्ह केसेस काढल्या होत्या. मूत्रपिंडाचा कर्करोग, मेलॅनोमा (त्वचेचा एक कर्करोग), लहान मुलांतला न्यूरोब्लास्टोमा (मज्जापेशींचा कर्करोग) यांत ते जास्त दिसलं. कारणं बहुधा प्रतिकारशक्तीत आहेत. या रुग्णांत सर्व धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारे असतात. एवढ्या दुर्मिळ गोष्टीच्या भरवशावर ऑपरेशन सोडणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढून नोकरीचा राजीनामा देणं.

दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचा मोठा प्रयत्नही झालाय. हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण, सहा अमेरिकन रुग्णालयं, निकाल २००६ मध्ये आला. कुणी प्रार्थना करतंय की नाही हे माहीत नसलेले दोन गट होते, एकासाठी प्रार्थना होत होती, दुसऱ्यासाठी नाही. त्यांच्यात काहीच फरक नव्हता. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं त्यांच्यात उलट गुंतागुंत थोडी जास्त, ५९ टक्के. मला हा अभ्यास थोडा विचित्रच वाटतो. देवाला मोजपट्टी लावायला गेल्यासारखा. पण ‘विज्ञानाने प्रार्थना सिद्ध केली’ असा संदेश फिरत असेल तर हे माहीत असावं.

माझा खरा राग आहे तो या सभांच्या घाईवर, कारण घाई करू नका हे आमच्याच परंपरेत लिहिलेलं आहे. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, येशू कुष्ठरोग्याला बरं करतो आणि म्हणतो, कुणाला काही सांगू नकोस, आधी जाऊन स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी कुष्ठ गेलं की नाही हे तपासून प्रमाणपत्र द्यायचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे पहिल्या शतकातही क्रम तपासणी आणि मग साक्ष असाच होता. माइक नंतर.

कॅथलिक चर्चनेही हे पुढे नियमात बसवलं. अठराव्या शतकात कार्डिनल लाम्बेर्तिनी, जे पुढे पोप झाले, त्यांनी कसोट्या घालून दिल्या. आजार गंभीर हवा, निदान पक्कं हवं, उपचाराने बरं होण्यासारखं नको, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं. फ्रान्समध्ये लूर्ड या मारियामातेच्या तीर्थस्थानी, बरं झाल्याचे दावे तपासायला, १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तिथे आजवर सात हजारांहून जास्त लोकांनी ‘बरे झालो’ म्हणून नोंदी केल्या. सत्तरावी केस चर्चने मान्य केली ती २०१८ मध्ये, एका फ्रेंच नन सिस्टरची, आणि त्या बऱ्या झाल्या होत्या २००८ मध्ये. दहा वर्षं कागद फिरत होते. मावशीला दहा मिनिटं पुरली.

लूर्डच्या त्या केसेसही मला पूर्ण पटतात असं नाही. ‘आज कारण सापडत नाही’ याचा अर्थ ‘देवाने केलं’ असा निघत नाही, आणि निदानाची साधनं सुधारली तशी मान्य केसेसची संख्या आटत गेली. १९७८ ते २०१८ या चाळीस वर्षांत जेमतेम सहा-सात. तिथे भिंतीवर टांगलेल्या कुबड्या बघून एका फ्रेंच लेखकाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं की यात लाकडी पाय एकही दिसत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय विकायला असतात, मीही लहानपणी आईबरोबर वाहिलेत. कापलेला हात मात्र कुणाचा परत आलेला नाही.

आपल्या देशातलं उदाहरणही जवळचं आहे. मदर तेरेसांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करताना जो चमत्कार धरला गेला तो बंगालमधल्या मोनिका बेसरा यांच्या पोटातल्या गाठीचा, १९९८ मधला. बालुरघाटच्या सरकारी रुग्णालयातले डॉक्टर रंजन मुस्ताफी तेव्हापासून सांगत आले की ती क्षयरोगाची गाठ होती आणि ती औषधांनी गेली. तपासणीची एवढी शिस्त असलेल्या ठिकाणी असे प्रश्न उरतात, तर मैदानावरच्या मंडपाचं काय बोलायचं.

आता एक पेशंट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय ४४, नवरा रिक्षा चालवायचा. गाठ लहान होती, काखेत काही नव्हतं. अशा वेळी आम्ही मनात म्हणतो की ही बाई नातवंडं बघेल. ऑपरेशनच्या तारखेला ती आली नाही. फोन केला तर नवरा म्हणाला, ‘ती विश्वासात आलीय, बरी आहे.’ अकरा महिन्यांनी आली. दारातून आत येण्याआधी वास आला. ब्लाउजच्या आत घडी घातलेला रुमाल होता, अभिषेकाच्या, म्हणजे प्रार्थना करून दिलेल्या, तेलाने पिवळा पडलेला, जखमेला चिकटलेला. सलाइनने भिजवून तो सोडवायला नर्सला वीस मिनिटं लागली. मग तिने मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून जखमेवर टाकल्या. वास कमी करायला तेवढंच करता येतं. बाई रडली नाही. म्हणाली, ‘माझाच विश्वास कमी पडला, डॉक्टर.’

त्या वाक्याने मी आजही अस्वस्थ होतो. बरं वाटलं तर श्रेय पाळकांचं, वाढलं तर दोष पेशंटचा. मरताना तिला कर्करोग होताच, वर अपराधीपणाही होता. आणि ती एकटी नाही. लंडनमध्ये काही चर्चमध्ये सांगितल्यावरून एचआयव्हीची औषधं थांबवलेले किमान तिघे मेल्याचं बीबीसीने २०११ मध्ये समोर आणलं. अमेरिकेत १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणाने उपचार नाकारल्यामुळे मेलेल्या १७२ मुलांच्या नोंदी दोन अभ्यासकांनी तपासल्या. त्यातली १४० मुलं साध्या उपचाराने वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त होती.

कायद्याचं लवकर सांगून टाकतो. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानुसार कर्करोग, मधुमेह, अंधत्व, पक्षाघात अशा यादीतल्या आजारांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करता येत नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावाखाली पैसा कमावणं आणि लोकांना फसवणं गुन्हा आहे. नुसती प्रार्थना, मग ती देवळातली असो की चर्चमधली, गुन्हा नाही, आणि नसावीही. तुमच्या बाबतीत पाळकांनी ‘ऑपरेशन करू नको’ असं स्पष्ट सांगितलं असेल तर तो वेगळा विषय होतो. पण पोलिसात जायची घाई करू नका. मावशी लगेच त्यांच्या बाजूला उभी राहील आणि ऑपरेशनचा विषय कायमचा बंद होईल.

तुमच्या लिहिण्यात धर्मांतराचा राग दिसतो. तो बाजूला ठेवा, निदान दोन महिने. मी गंडेदोरे, अंगारा आणि झाडपाल्याच्या नादी लागून उशिरा आलेलेही तेवढेच बघितलेत, गाठ कुठल्या धर्माची हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. मावशीशी ‘ढोंग’ हा शब्द वापरू नका. तिने हजारो लोकांसमोर साक्ष दिली आहे. तिला खोटी पाडलीत तर ती घट्ट धरून बसेल. तिला एवढंच म्हणा: मावशी, तू बरी झाली आहेस ना, मग ते डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे? काढलेल्या भागात एकही पेशी सापडली नाही असा रिपोर्ट आला की तो घेऊन परत स्टेजवर जा. मार्कचा तो भाग तिला वाचून दाखवा, तिच्याकडे आता बायबल असेलच. माझ्या पाहण्यात युक्तिवादाने न वळलेल्या तीन बाया या एका ओळीने वळल्या.

पाळकांनाही भेटा. एकटे जा, भांडायला जाऊ नका. सरळ विचारा, ‘ऑपरेशन कर, आम्ही प्रार्थना करतो, असं तुम्ही तिला सांगाल का?’ निम्म्याहून जास्त जण हो म्हणतात. त्यांनाही आपल्या माणसाचं मरण नको असतं. नाही म्हणाले तर निदान मावशीला ते नाही म्हणाले हे कळू द्या.

शेवटच्या डोसला किती आठवडे झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. ऑपरेशन साधारण तीन ते सहा आठवड्यांत व्हावं, आठच्या पुढे जाऊ नये. तेव्हा हे वाचून झालं की फाइल काढा, तारीख बघा आणि सकाळी सर्जनला फोन करून दिवस धरून ठेवा, मावशी हो म्हणायची वाट न बघता. दिवस हातात असला की बोलणं सोपं जातं. वॉर्डात तेलाची बाटली उशाशी ठेवायची असेल तर ठेवू दे, सिस्टर काही म्हणणार नाहीत. टाक्यांवर मात्र लावायचं नाही, जखम ओली राहते.